नाक द्यायला या

सानिका, तू मापं मागितली होतीस. तुमच्या रविवारच्या मराठी शाळेत घरच्या एका पदार्थाची कृती लिहून न्यायची आहे, आणि तू फोनवर म्हणालीस, "आजी, आपली चटणी लिहून दे. पण ग्रॅममध्ये दे, मूठभर-चिमूटभर नको." मागून निहार ओरडला, "डबा कधी येणार ते विचार! आमचा संपला!"

मापं मी वेगळ्या कागदावर स्वच्छ लिहून ठेवली आहेत. कॉलेजात आयुष्यभर इंग्रजी शिकवलेल्या बाईचा कागद आहे, त्यात खाडाखोड सापडायची नाही. तीन किलो मिरची, एक किलो सुकं खोबरं, कांदा, लसूण, धणे, तीळ, खडेमीठ, आणि खाली चौदा मसाल्यांची यादी. दुसऱ्या गावांत याला कांदा-लसूण मसाला म्हणतात. कोल्हापुरात नुसतं चटणी म्हटलं की पुरतं. पण त्या कागदावर एक जिन्नस मला लिहिता आलेला नाही, कारण तो ग्रॅममध्ये बसत नाही. तो सांगायचा तर आधी एक कबुली द्यायला हवी. तुमच्या बाबालाही मी हे अजून सांगितलेलं नाही.

दिवाळीनंतर मला ताप आला होता, आठवतं? ताप चार दिवसांत उतरला, पण तेव्हापासून मला कशाचाच वास येत नाही. साबणाचा नाही, उदबत्तीचा नाही, उतू गेलेल्या दुधाचाही नाही. जिभेला खारट, आंबट, कडू आणि तिखट एवढं कळतं. बाकीचं जेवण पुठ्ठा चावल्यासारखं लागतं. डॉक्टर म्हणाले, येईल परत, कदाचित. रोज सराव करा. म्हणून मी चार छोट्या बाटल्या केल्या आहेत : लवंग, लिंबाची साल, निलगिरी आणि गुलाबपाणी. रोज सकाळी साडेसातला एकेक बाटली वीस सेकंद नाकाशी धरते आणि वहीत तारीख घालून लिहिते. नाही. नाही. नाही. नाही.

तरी पंधरा दिवसांपूर्वी मी डंकावर नंबर लावायला गेले. डंक म्हणजे मिरच्या कांडायची गिरणी; लोखंडी मुसळं एकाआड एक उचलली जातात आणि उखळात आदळतात. मी जिथं लहानाची मोठी झाले त्या पेठेतल्या गल्लीच्या तोंडाशी तो आहे. माणसं बदलली, आवाज तोच आहे, धाड-धप, धाड-धप, पायाच्या तळव्यांतून वर चढणारा. आत पाऊल टाकताच ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. आणि वास मात्र नाही. तिखटाचा मार तेवढा बसला, बाकी सगळं कोरं.

शेजारी नंबराला बसलेली बाई पदरानं नाक पुसत म्हणाली, "काय वास सुटलाय, न्हाई का हो आजी?"

"सुटलाय की," मी म्हणाले. खोटं बोलले.

डंकवाल्यानं वहीत नाव घेतलं. "ह्या साली उशीर केलासा आजी. गुरुवारी सकाळी धाला या. आणि खोबरं नीट भाजून आणा, न्हाईतर चटणी बिघडली की डंकाला बोल लावतासा."

बाहेर आले ती मनात एकच होतं. तुम्हाला फोन करून सांगायचं की यंदा चटणी नाही. तिकडच्या दुकानात पाकिटं मिळतात, ती आणा. जिला खोबऱ्याचा वास येत नाही तिनं कढईला हात लावू नये. आणि ही चटणी करणारी जर मी नाही, तर मग मी नेमकी कोण उरले, हेही कळेना. तशीच आमच्या जुन्या घरासमोर जाऊन उभी राहिले. तिथं आता मोबाइलची कव्हरं विकायचं दुकान आहे. पण समोरासमोरची दोन दारं अजून तशीच आहेत, मध्ये आठ पावलांची गल्ली. मला ती आठ पावलं आठवली.

चैत्र लागला की आमच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसायची. धोतरांवर, चादरींवर, बाजेवर मिरच्या. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. उन्हात त्या तापल्या की हलकेच कुरकुरायच्या, आणि चिमण्या त्यांच्या कडेनं जपून चालायच्या. पोरींचं काम देठं खुडायचं. संध्याकाळपर्यंत बोटं अशी पेटायची की आम्ही चार-पाच जणी एकाच पातेल्यातल्या ताकात हात बुडवून बसायचो. कुणाचं बोट कुठलं ते दिसायचं नाही. लसणाची सालं वाऱ्यानं उडून सगळ्या गल्लीत फिरायची. कुणाच्या घरची सालं कुणाच्या दारात, त्यावरून कधी भांडण झालेलं आठवत नाही.

मी इंग्रजी शाळेत जायची. गणवेशाला, वेण्यांना, वह्यांनाही तो वास लागायचा. मिस नाकाला रुमाल लावून विचारायच्या, "हू इज स्मेलिंग?" आणि पेठेतल्या आम्ही सहा मुली मुकाट्यानं उभ्या राहायचो. पुढं मी तीच भाषा शिकवायला लागले तेव्हा लक्षात आलं, की त्या भाषेत वास घेणाऱ्याला आणि ज्याचा वास येतो त्याला एकच क्रियापद आहे. मिसना वाटलं त्यांनी एकच प्रश्न विचारला.

आता त्या जिन्नसाचं सांगते.

खोबरं मंद विस्तवावर भाजायचं असतं. आधी त्याला कच्चा, तेलकट वास असतो. मग गोडसर होतो. मग एक क्षण येतो, तेव्हा तो गोडपणा खमंग होतो, आणि त्याच्या पाठोपाठ लगेच जळका. उतरवायचं त्या मधल्या क्षणाला. आधी उतरवलं तर चटणी पावसाळ्यात खवट होते, नंतर उतरवलं तर कडू. गोची अशी, की कढईपाशी अर्धा तास बसलेल्या बाईला तो क्षण कळतच नाही. तिचं नाक त्या वासानं भरून जातं. आमच्या गल्लीत म्हणायचे, "नाक बसतं." मग बाहेरून कुणीतरी यायला लागायचं, मोकळ्या हवेतून, ताज्या नाकाचं. आदल्या दिवशी दारोदार निरोप जायचा : "उद्या आमच्याकडं भाजायचं हाय, नाक द्यायला या."

माझ्या आईला नाक द्यायला समोरची हमिदाचाची यायची. तिचा नवरा शिंपी होता. त्यांच्या दारातून दिवसभर मशीनचा आवाज आणि कधीमधी चाचांचं गुणगुणणं यायचं. चाची आधी चुळा भरायची, तोंड धुवायची, गल्लीच्या टोकाला कडुनिंबाखाली जाऊन उभी राहायची. मग येऊन आमच्या उंबऱ्याबाहेर थांबायची आणि डोळे मिटायची. "मी आलो गं वैनी!" कोल्हापूरच्या बायका अशाच बोलतात, आलो-गेलो, तुमच्या बाई खाली लाल रेघ मारतील, मारू देत.

"झालं का?" आई आतून.

"अजून न्हाई."

"आता?"

"दम काढ की जरा! खोबरं हाय, पोरगं न्हवं रडायला लागलेलं."

आणि मग एकदम, गल्लीभर ऐकू जाईल असं, "उतरव!"

आई त्या क्षणी कढई खाली घ्यायची. माझी आई कुणाचं ऐकणारी बाई नव्हती. भाजीवाल्याशी, वडिलांशी, माझ्या मिसशीसुद्धा तिनं वाद घातलेला मी पाहिला होता. पण "उतरव" म्हटल्यावर तिनं कधी "थांब, बघू दे" म्हटलं नाही. आणि दोन दिवसांनी चाचीकडं भाजायचं असलं की आई तोंड धुऊन कडुनिंबाखाली जायची.

पाहुणे जेवायला आले की बोटं चाटत म्हणायचे, "वहिनी, तुमची चटणी म्हणजे काय विचारता!" आई म्हणायची, "आपली हाय की, घ्या अजून." मला राग यायचा. शाळेत माझी प्रत्येक वही, पट्टी, डबा माझ्या नावाच्या चिठ्ठीनिशी असायचा. एकदा मी दोन्ही घरांच्या बरण्यांवर सुंदर अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्या : ही आमची, ही चाचीची. आईनं दोन्ही ओरबाडून काढल्या. "चटणीला नाव लावतीस व्हय गं? उद्या वाऱ्याला लावशील."

मी दहा वर्षांची असताना आई आणि चाची बोलायच्या बंद झाल्या. कशावरून, ते मला तेव्हाही नीट कळलं नाही आणि नंतर कुणी सांगितलं नाही. समोरासमोरच्या दारांना पडदे लागले. आठ पावलांची गल्ली अचानक रुंद झाली. चैत्र आला, मिरच्या वाळल्या, देठं खुडून झाली. आईनं निरोप पाठवला नाही.

वडील म्हणाले, "अगं, नाक द्यायला कोण?"

"माझं नाक मला पुरतं," आई म्हणाली.

त्या दिवशी ती कढईपाशी एकटी बसली. मी पाहत होते. ती दर मिनिटाला वाकून हुंगायची, ताठ व्हायची, परत वाकायची. एकदा तिनं दाराकडं पाहिलं. मग मान फिरवून ढवळत राहिली. कढई उतरवली तेव्हा खोबऱ्याचा रंग मला जरा गडद वाटला, पण बोलायची छाती झाली नाही.

चटणी कडू झाली. अशी की पहिल्या घासाला वडिलांनी पाण्याचा तांब्या उचलला. नऊ किलोचा ऐवज, टाकायचा कुठं?

दोन दिवसांनी दुपारी समोरचा पडदा सरकला. हमिदाचाचीचं तोंड घामानं भिजलेलं, हातात उलथनं. तिनं आईकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं. "ए पोरी. नाक द्यायला येतीस?"

मी आईकडं पाहिलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही. बराच वेळ सुपातले खडे वेचत राहिली, आणि मग सुपालाच सांगितल्यासारखं म्हणाली, "तोंड धुऊन जा. आधी कडुनिंबाखाली उभी ऱ्हा, शंभर मोज. आत जाऊ नको, भाईरच थांब. आणि भिऊ नको."

मी शंभर मोजले. कडुनिंबाला तेव्हा मोहर होता, त्याचा कडसर-गोड वास नाकात घेऊन चाचीच्या दाराबाहेर उभी राहिले आणि डोळे मिटले. आत मशीन थांबलं होतं. म्हणजे चाचाही वाट पाहत होते. अंधारात आधी ओला, तेलकट वास आला. मग उकळलेल्या दुधासारखा. मला काय माहीत होतं खोबऱ्यातलं? एका घराचं वर्षभराचं जेवण माझ्या नाकावर उभं होतं. मग त्या गोडाच्या पोटातून काहीतरी वर आलं, त्याला मला शब्द नाही. दिवा लावल्यावर खोली दिसते तसं काहीतरी.

"उतरव!" मी ओरडले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

चाचीनं कढई उतरवली. एक क्षण थांबली नाही. दहा वर्षांच्या पोरीच्या एका शब्दावर.

ती चटणी चांगली झाली. चौथ्या दिवशी चाचीनं माझ्याच हातून वाटीभर पाठवली. आईनं चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले, आणि आत निघून गेली. आता पंचाईत वाटीची. आलेली वाटी रिकामी परत करायची नसते. घरात त्या दिवशी गूळ होता, तांदूळ होता. पण आईचा स्वभाव. तिनं वाटीत स्वतःची कडू चटणी भरली, वर दाबून, आणि म्हणाली, "दे जा."

पुढच्या आठवड्यात पुन्हा वाटी आली. पुन्हा गेली. असं वर्षभर चाललं. तिकडून चांगली यायची, इकडून कडू जायची. आमच्या घरानं त्यांची निम्मी चांगली चटणी खाल्ली आणि त्यांच्या घरानं आमची निम्मी कडू. चाचीनं ती टाकून दिली असती तर कुणाला कळलं असतं? पण मी त्यांच्या ताटांत ती पाहिली आहे. चाचांची मुलं तोंड वाकडं करून खायची.

शेवटी चाचांनीच तोंड उघडलं. एक दिवस गल्लीत उभे राहून आमच्या पडद्याला म्हणाले, "वैनी, एक इचारू का? ह्या साली चटणीत कारली किती किलो घातलीसा?"

पडद्याआड आईचं हसू फुटलं. आणि समोरच्या पडद्याआडून चाचीचं. दोघी आपापल्या पडद्यामागं हसत होत्या, एकमेकींना न दिसता, आणि चाचा मध्ये उभे राहून कपाळावर हात मारून घेत होते. त्या वर्षी पडदे कधी उतरले ते मला आठवत नाही. पुढच्या चैत्रात चाची कडुनिंबाखाली होती एवढं आठवतं.

नंतर चाची कबनूरला लेकीकडं राहायला गेली. आई गेली. मी लग्न करून, शिकून, शिकवायला लागून गावाच्या या नव्या भागातल्या फ्लॅटमध्ये आले. वर्गात मी पोरींना दोन वाक्यं द्यायची, 'आम्ही जातो' आणि 'आपण जाऊ', आणि म्हणायची, करा भाषांतर. दोन्हीला इंग्रजीत 'वी'च यायचं. मग मी फळ्यावर दोन गोल काढायची. एकात समोरचा माणूस बाहेर उभा, दुसऱ्यात आत. हे मी इतकी वर्षं समजावून सांगितलं आणि घरी येऊन 'माझी चटणी' म्हणत राहिले. आईच्या 'आपली'तला गोल किती मोठा होता ते मी फळ्यावर काढू शकले असते, पण तो कधी काढला नाही.

या फ्लॅटमध्ये तुमचे आजोबा नाक द्यायचे. खाली पार्किंगमध्ये एक चक्कर मारून यायचे, दारात उभे राहून अतिशय गंभीरपणे म्हणायचे, "मॅडम, परवानगी आहे." ते गेल्यावर मी घड्याळ लावायला लागले. किलोला अकरा मिनिटं. वहीत लिहून ठेवलं आहे, अधोरेखित. कुणाच्या दारात जायची गरज उरली नाही. माझं नाक मला पुरत होतं.

मोबाइलच्या दुकानासमोर हे सगळं आठवून मी घरी आले आणि तुम्हाला फोन केला नाही. बुधवारी दुपारी कांदा, मसाले भाजून झाले. ते रंगावर आणि चुरचुरीवर समजतात. खोबऱ्याची कढई चढवायच्या आधी मी समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली.

तिथं पल्लवी राहते, चंदगडकडची पोरगी, एका लॅबमध्ये कामाला आहे. दोन वर्षांत आमचं बोलणं झालं ते एकदाच, आणि तेही लेखी. जिन्यात चपला पडलेल्या मला खपत नाहीत, म्हणून मी तिच्या दारावर चिठ्ठी चिकटवली होती : 'कृपया पादत्राणे आत ठेवावीत.'

दार उघडताच तिनं खाली वाकून चपला उचलल्या. "सॉरी हां आजी, आत्ताच आलेय, ठेवतेच आत."

"चपलांचं नाही," मी म्हणाले. "मला तुझं नाक पाहिजे."

मग मी ते वाक्य मोठ्यानं म्हणाले, जे पाच महिन्यांत डॉक्टरांखेरीज कुणालाही म्हटलं नव्हतं. "मला वास येत नाही. अजिबात. आणि नातवंडांची चटणी करायची आहे."

तिनं पहिला प्रश्न चटणीचा विचारला नाही. "म्हणजे गॅस सुटला तर तुम्हाला कळणारच नाही?" असं म्हणाली.

"नाही."

"अहो आजी! पाच महिने? आणि एकट्या?" ती जवळजवळ रागावली होती. मग म्हणाली, "पण मला चटणीतलं काय कळत नाही हो. आमच्याकडं असली चटणी नसते. आम्ही भातवाली माणसं."

"कळायला नकोय. फक्त बाहेरून ये."

तिला खाली पाठवलं. दोन मिनिटं मोकळ्या हवेत थांब, जिन्यानं वर ये, दाराच्या आत पाऊल टाकू नको. पहिल्यांदा आली ती म्हणाली, "कच्चं वाटतंय. म्हणजे, वाटतंय." पुन्हा खाली. दुसऱ्यांदा, "गोड झालं जरा. बरोबर हाय का?" "मला विचारू नको," मी म्हणाले, "मला काय माहीत?" पुन्हा खाली. तिसऱ्यांदा जिन्यावरून धापा टाकत आली आणि दारातच थबकली.

"आजी! आमच्याकडं काजू भाजतात ना, भट्टी उघडल्यावर... तसा! आता उतरवा. उतरवा की!"

मी घड्याळ पाहिलं. नऊ मिनिटं. वहीत अकरा लिहिलेली, अधोरेखित. कढईतलं खोबरं माझ्या डोळ्यांना फिकं दिसत होतं. अजून दोन मिनिटं, माझं सगळं आयुष्य मला सांगत होतं. काल-परवापर्यंत जिचं नावही मी नीट घेत नव्हते ती पोरगी दारात हात हलवत होती. तिला चटणी माहीत नाही, माझी आई माहीत नाही, तुम्ही माहीत नाही. काजू माहीत आहेत. आणि मी कढईच्या इतकी जवळ होते की मला तर काहीच माहीत नव्हतं.

मी गॅस बंद केला आणि कढई उतरवली.

खरं सांगते, उतरवताना फार हलकं वाटलं. वाटलं, आईलाही दरवेळी हेच वाटत असणार, म्हणून ती वाद घालत नव्हती.

गुरुवारी धाड-धप झालं. डंकवाल्यानं चिमूट तोंडात टाकली आणि नुसती मान हलवली. तो कुणाचं तोंडावर कौतुक करत नाही. पल्लवीला मी एक बरणी दिली. दुसऱ्या दिवशी बरणीचं झाकण परत आलं, त्यात तिच्या आईनं पाठवलेले काजू. हे तिला कुणी शिकवलं कोण जाणे. आता रोज सकाळी कामावर जाताना ती माझ्या दारात थांबते, मी दार उघडते, ती डोळे मिटून एक श्वास घेते आणि ओरडते, "गॅस न्हाई, दूध न्हाई, सगळं ठीक हाय आजी!" आणि पळते. कधी "काय जळतंय?" म्हणून आत शिरते आणि माझा टोस्ट वाचवते. मी तिला संध्याकाळी इंग्रजीतली पत्रं नीट करून देते. तिला लॅबमध्ये वरची जागा हवी आहे. चपला अजून जिन्यातच असतात. आता माझ्याही असतात.

बाटल्या चालू आहेत. परवा लवंगेच्या बाटलीत काहीतरी होतं. वास नव्हता, पण कुणीतरी नुकतंच उठून गेलेल्या खुर्चीत बसावं, तसं. मी वहीत 'नाही' लिहिलं आणि पुढं प्रश्नचिन्ह काढलं. तुमच्या बाबाला हे पत्र वाचू द्या. त्याला म्हणावं, घाबरू नको, इथं माझं नाक आहे, समोरच्या फ्लॅटमध्ये राहतं.

सानिका, शाळेच्या कागदावर मापांच्या खाली तुझ्या अक्षरात लिही : 'बाहेरून आलेलं एक नाक.' बाईंनी हसून विचारलं तर सांग त्यांना.

डबा काल पाठवला. चटणी कशी झाली आहे ते मला माहीत नाही. मी चाखली, खारट कळलं, तिखट कळलं, कडू नाही एवढं कळलं. पण कडू नसणं म्हणजे चांगली असणं नव्हे. पल्लवी 'भारी' म्हणाली, पण तिनं याआधीची कधी खाल्लेली नाही. आपली चटणी आजवर जशी लागायची तशी ही लागते का, हे सांगू शकतील अशी आता जगात तीनच माणसं आहेत, आणि ती तिन्ही तुमच्या घरात आहेत.

डबा उघडलात की आधी मला फोन लावा. भाकरी नसेल तर ब्रेडवर तेल घालून घ्या. घाई करू नका, मी फोन कानाशी धरून बसेन. तुम्ही खा, म्हणजे मला कळेल.